घड्याळजींची बादली

घड्याळजींना कोणी संशयी म्हटलेलं आवडत नसे. त्यांच्या मते ते फक्त खात्री करून घेत. बाजारातून आणलेली खुर्ची ते आधी गॅलरीत उभी करत आणि तिच्या पायांखाली भुसा पडतो का, हे बरेच दिवस सकाळी वाकून बघत. नवे शेजारी आले की वर्षभर त्यांच्याशी फक्त हवापाण्याचं बोलत. लग्न ठरण्याआधी ते सासुरवाडीला इतक्या वेळा जाऊन आले की शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, "तुम्हाला आमची मुलगी हवी आहे, की आमचं भिंतीवरचं बंद घड्याळ दुरुस्त करायचं आहे?" घड्याळजींनी दोन्ही कामं केली. ते घड्याळ अजून चालतं. लग्नाचं वहिनींना विचारावं लागेल.

वहिनी म्हणजे घड्याळजींची बायको. सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणे, कारण घरात राहणारा घड्याळजींचा धाकटा भाऊ दिवसभर त्यांना त्याच नावाने हाका मारी, आणि त्यांचं दुसरं नाव कोणाच्या कानावर पडायला सवडच मिळत नसे. मूलबाळ नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ही तीन माणसं राहत. खाली घड्याळजींचं दुकान होतं, तोपर्यंत दिवस बरे चालले होते. मग लोक वेळ फोनमध्ये बघायला लागले आणि दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. डोळ्यात लावायचं भिंग, चिमटे, केसाएवढे ब्रश, सुईएवढे पेचकस हा सगळा संसार वर आला. त्याच्यामागून घड्याळजीही वर आले.

आता, ज्या माणसाची हयात डोळ्यात भिंग लावून गेली, त्याला दिवसभरात काहीतरी बारीक सापडल्याशिवाय जेवण गोड लागत नाही. पहिल्याच आठवड्यात भिंग तांदळाच्या डब्यावरून फिरलं, मग वहिनींनी घासलेल्या भांड्यांवरून फिरलं. वहिनींनी ओळखलं की या भिंगाला दुसरीकडे कामाला लावलं नाही, तर आपल्याला माहेरी जाऊन राहावं लागेल. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आणायचं त्यांनीच सुचवलं. "माझ्या आयुष्यातला हा दुसरा अविचार," असं त्या पुढे सांगत. पहिला कोणता, ते सांगत नसत, पण सांगताना नवऱ्याकडे बघत.

खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे नुसतं पाणी भरून मासे सोडण्याचा मामला नाही. तिच्यात समुद्रातून आलेले दगड ठेवावे लागतात. त्या दगडांच्या भोकाभोकांत बारीक जीव नांदत असतात आणि तेच पाणी स्वच्छ ठेवतात. अडचण एवढीच, की दगड घेताना त्यातल्या भाडेकरूंची चौकशी कोणी करून देत नाही. कधी तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं एखादं फूल येतं. दिसायला गरीब, पण शेजारच्या पोवळ्याला डसून मारतं, आणि उपटायला गेलं तर तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं. कधी केसाळ पायांचा खेकडा येतो. कधी अंगभर काटेरी केसांचा किडा येतो. त्याला बोट लागलं की काच शिरल्यासारखं दुखतं, पण तो बापडा शिळंपाकं खाऊन टाकी झाडतो. दगडाबरोबर फुकट आलेल्या या सगळ्या मंडळींना घड्याळजी 'बिनतिकीट' म्हणत. बिनतिकिटांना ओळखणं, पकडणं आणि त्यांचा बंदोबस्त करणं हे त्यांचं नवं दुकान होतं.

या दुकानाची गादी म्हणजे न्हाणीघरातली मोठी निळी बादली. कोणताही नवा दगड आधी त्या बादलीत जाई. तिच्यातलं पाणी समुद्रापेक्षाही खारट. त्यात दगड बुडवला की आतल्या बिनतिकिटांचा जीव कासावीस होई आणि घराला आग लागल्यासारखी ती भोकाभोकांतून बाहेर पळत. बाहेर घड्याळजी चिमटा घेऊन बसलेलेच असत. मग तो दगड दुसऱ्या, साध्या खाऱ्या पाण्यात कित्येक आठवडे एकटा ठेवायचा, रोज भिंगाने तपासायचा, आणि तो निर्दोष ठरला तरच त्याला टाकीत जागा मिळायची. तेवढा काळ घरातले तिघेही एका पायावर उभं राहून आंघोळ करत.

"दगडाची आंघोळ व्हायची आहे, तुम्ही आवरा लवकर," घड्याळजी दाराबाहेरून सांगत.

"त्याला विचारा साबण कोणता लागतो," आतून वहिनी म्हणत.

धाकटा काही म्हणत नसे. पन्नाशी उलटलेला, बिनलग्नाचा, अंगाने किडकिडीत असा हा माणूस चार गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत डाग काढायचं काम करी. शाईचा, चहाचा, गंजाचा, रक्ताचा, कसलाही डाग असो, धाकटा त्याच्यावर वाकून बसे आणि वेगवेगळ्या बाटल्यांतली औषधं थेंबाथेंबाने लावून तो घालवी. बोलणं त्याला कधी फारसं जमलं नाही, कारण त्याचं बोलणं घड्याळजीच पुरं करत. आई गेली तेव्हापासूनची ती सवय. धाकट्याने "दादा, आज मला जरा" एवढं म्हटलं की घड्याळजी म्हणत, "बरं वाटत नाहीये. मग जाऊ नकोस." धाकट्याला खरं म्हणजे जरा उशीर होणार असे. पण मग तो कामावर न जाता घरी पडून राही. दुरुस्ती करण्यापेक्षा ते सोपं होतं.

टाकीवर मात्र त्याचा जीव जडला. सकाळी माशांना खाऊ घालायचं काम त्याने आपणहून घेतलं. माशांना नावंही त्यानेच दिली. वाळू तोंडात घेऊन चाळून टाकणारा एक लांबट मासा होता, तो 'झाडूवाला'. बाकीच्या माशांच्या अंगावरचा मळ काढणारी लाल-पांढरी कोळंबी, ती 'न्हावी'. आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी, ते 'नवरा-नवरी'. त्यातली नवरी नवऱ्याच्या दुप्पट मोठी होती आणि त्याला कोपऱ्यात दामटून ठेवायची. "अगदी घरच्यासारखं वाटतं त्यांना," धाकटा वहिनींना हळूच म्हणे. घड्याळजी ऐकत नाहीत असं बघूनच म्हणे.

असं सगळं छान चाललेलं असताना सराफांनी आपल्या दुकानातली टाकी काढायची ठरवली.

सराफांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. काचेचं दार, आत गारवा, आणि दागिन्यांच्या मागे भिंतभर पसरलेली खाऱ्या पाण्याची टाकी. घड्याळजींचं दुकान चालू होतं तेव्हाही सराफ त्यांच्याशी बोलत ते मान किंचित हलवून. आता टाकीच्या जागी त्यांना मोठा टीव्ही लावायचा होता. त्यांनी घड्याळजींना बोलावणं पाठवलं आणि चार गिऱ्हाइकांच्या देखत म्हणाले, "या घड्याळजी. आमच्या टाकीतला हा मोठा दगड तुम्ही न्या. असली वस्तू ऐऱ्यागैऱ्याच्या घरात जाऊ नये. तुमच्यासारख्या जाणकाराकडेच गेली पाहिजे."

दगड खरोखरच देखणा होता. कलिंगडाएवढा, वर जांभळा मुलामा, त्यावर हिरव्या पोवळ्यांचे गुच्छ. घड्याळजींनी तो पोटाशी धरून घरी आणला. वाटेत तीन ओळखीची माणसं भेटली, त्या तिघांनाही थांबवून तो कोणाचा आहे ते सांगितलं.

"बादलीत ठेवणार ना?" वहिनींनी विचारलं.

"बादलीत मावणार नाही."

"मग मी टब देते."

"अगं, सराफांच्या टाकीतला आहे तो. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होता. त्याला काय न्हाणीघरात उभा करायचा? उद्या सराफ आले आणि म्हणाले, दाखवा आमचा दगड, तर मी काय सांगू, तुमचा दगड मोरीत आहे?"

"माझ्या मामांना तुम्ही जिन्यात उभं केलं होतं, त्यांना सर्दी होती म्हणून."

"मामांची गोष्ट वेगळी."

सराफ काही कधी दगड बघायला आले नाहीत. पण दगड त्याच दुपारी टाकीत गेला, मधोमध, समोरून बघणाऱ्याला आधी दिसेल असा. त्या दिवशी घड्याळजींनी भिंग डोळ्यालासुद्धा लावलं नाही. मोठ्या माणसाच्या वस्तूकडे भिंगातून बघणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं असावं.

पहिल्यांदा झाडूवाला गेला. एका सकाळी घड्याळजी नेहमीपेक्षा लवकर उठून बाहेरच्या खोलीत आले, तर धाकटा कोपरापर्यंत बाही सरकवून टाकीत हात घालून उभा होता. दादाला बघताच त्याने हात बाहेर काढला आणि मूठ पाठीमागे नेली.

"काय आहे हातात?"

"झाडूवाला. दादा, मला वाटतं याला कोणीतरी..."

"कोणीतरी काय? मेला म्हण की." घड्याळजींनी टाकीकडे बघितलं, मग धाकट्याच्या ओल्या हाताकडे. बोटांच्या पेरांवर लाँड्रीतल्या औषधांनी पडलेले पांढरे चट्टे होते. घड्याळजींच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि त्यांना तो इतका आवडला की त्यांनी तो पुन्हा विझू दिला नाही. "रोज या हातांनी तू त्यांना खायला घालतोस?"

"धुतो मी हात. पण दादा, हा बघ तरी..."

"बघायचं काय त्यात? डाग काढायची औषधं ती. कापडातली शाई उडते त्याने, माशाचं काय होणार? तुझ्या लक्षात कसं आलं नाही?"

धाकटा मूठ तशीच झाकून गॅलरीत गेला. त्या मुठीत काय होतं, हे घड्याळजींनी विचारलं नाही, आणि विचारलं नाही तर सांगायची पद्धत त्या घरात नव्हती.

न्हावी पुढच्या आठवड्यात दिसेनासा झाला. मग एक निळा मासा. प्रत्येक वेळी घड्याळजी नवा नियम काढत. धाकट्याने टाकीला हात लावायचा नाही. धाकट्याने टाकीच्या खोलीत झोपायचं नाही, स्वयंपाकघरात झोपायचं. धाकट्याने कामावरचे कपडे जिन्यातच बदलायचे, कारण औषधांचा वास हवेतून पाण्यात उतरतो. हा शेवटचा शोध लावल्यावर घड्याळजी दोन दिवस खूश होते. संध्याकाळी लाँड्रीतून आलेला धाकटा जिन्यात एका पायावर उभा राहून पँट बदलू लागला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई आपलं दार लावून घेऊ लागल्या. वर आला की घड्याळजी त्याचे हात उजेडात धरून भिंगातून तपासत. पन्नाशीतला माणूस दोन्ही हात पुढे करून उभा राही, कधी तळवे वर, कधी खाली.

"नखं?" घड्याळजी म्हणत.

धाकटा नखं दाखवी.

"अहो, पुरे करा," वहिनी म्हणत. "त्यांनी काय खून केलाय?"

"मी तसं म्हणालो का? मी फक्त खात्री करतोय."

त्यानंतर जेवताना धाकटा घास घेतला की हात मांडीवर टेबलाच्या खाली नेई. गप्पा मारताना खिशात घाली. वहिनींनी पाणी दिलं, तर पेला खाली ठेवायची वाट बघे आणि मग उचले. वहिनींनी हे बघितलं होतं. घड्याळजींनी बघितलं नव्हतं. त्यांचं भिंग फार जवळचं दाखवायचं.

मग नवरी गेली. नवरा-नवरीतली ती मोठी, सगळ्या टाकीवर दरारा असलेली नवरी. सकाळी नवरा एकटाच कोपऱ्यात उभा होता आणि त्याला तिथे दामटणारं कोणी नव्हतं. घड्याळजींनी जेवण टाकलं. संध्याकाळी धाकटा कपडे बदलून वर आला, तेव्हा ते त्याला शांतपणे म्हणाले, "तू थोडे दिवस लाँड्रीतच झोप. मागे खोली आहे ना त्यांची? महिनाभर. तू नसताना मासे टिकले, म्हणजे कळेल. राग मानू नकोस, ही नुसती खात्री."

धाकट्याने एकदा वहिनींकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं." पिशवीत दोन कपडे, दाढीचं सामान आणि चप्पल भरली. गादी तिथेच राहू दिली, महिनाभराचाच प्रश्न होता. दारात थांबून त्याने सांगितलं, "वहिनी, नवऱ्याला थोडं बारीक करून घाला. मोठा तुकडा तो ओकून टाकतो."

तो जिना उतरून गेल्यावर वहिनी ओट्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दगडाला नाही ठेवलंत. भावाला ठेवलंत बादलीत."

"उगाच शब्दाला शब्द लावू नकोस," घड्याळजी म्हणाले. पण त्यांनाही ते वाक्य लागलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी पाण्यातलं मीठ दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा चुकलं.

चौथ्या दिवशी सकाळी घड्याळजी टाकीपुढे आले, तर वाळूवर एक पिवळा मासा पडलेला होता. म्हणजे त्याची शेपटीकडची बाजू पडलेली होती. पुढची बाजू नव्हती. कात्रीने कापावी तशी सरळ धार.

घड्याळजी कितीतरी वेळ बघत राहिले. आजवर मेलेला मासा असा त्यांच्या समोर आलाच नव्हता. ते उठत तोवर टाकी स्वच्छ झालेली असे. आज ती स्वच्छ करणारं माणूस घरात नव्हतं. औषधाने मासा मरतो, तो अख्खा मरतो, एवढं कळायला भिंग लागत नाही. लाँड्री इथून चार गल्ल्या लांब, आणि धाकट्याचे हात चार दिवस तिथे होते.

दुपारी त्यांनी खिडक्या लावल्या, टाकीवर जाड रजई टाकली आणि आत अंधार केला. बॅटरीवर लाल कागद बांधला, कारण लाल उजेड बिनतिकिटांना दिसत नाही. ताटकळत बसले. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या. बऱ्याच वेळाने रजईचं टोक उचलून घड्याळजींनी आत उजेड टाकला.

सराफांच्या दगडातून तो बाहेर आला होता. हातभर बाहेर, आणि शेपूट अजून आतच. बोटाएवढा जाड, अंगावर पाण्यावर सांडलेल्या तेलासारखी रंगीबेरंगी चमक. डोक्यावर पाच मिशा होत्या. त्या मिशांनी तो वाळू चाचपत होता, अंधारात चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. मग तोंड उघडलं आणि जबडे बाजूला झाले. घड्याळजींनी बिनतिकिटं पुष्कळ बघितली होती, पण हे बिनतिकीट नव्हतं. हे तर पहिल्या वर्गाच्या डब्यातून आलं होतं, मानाने, पोटाशी धरून.

दगड बाहेर काढून त्यांनी बादलीत ठेवला. म्हणजे टबात, कारण बादलीत तो खरंच मावला नाही. असला किडा ओढायला गेलं तर तुटतो आणि उरलेला तुकडा पुन्हा वाढतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सोड्याची बाटली फोडली, इंजेक्शनच्या नळीत सोडा भरला आणि एकेका भोकात पिचकारी मारत गेले. सोड्याचे बुडबुडे असल्या किड्याला सहन होत नाहीत. शेवटी तो अख्खाच्या अख्खा बाहेर सरकला, आणि घड्याळजींनी त्याला बरणीत भरून झाकण लावलं. काम इतकं सफाईदार झालं होतं, की क्षणभर त्यांना बरंही वाटलं.

"मी जरा जाऊन येतो," ते म्हणाले.

"भाऊजींकडे?" वहिनींनी विचारलं.

"हो. वाटेत सराफांना दाखवतो."

वाटेत सराफ लागायचे नाहीत. लाँड्री उजवीकडे होती, सराफ डावीकडे. तरी घड्याळजी आधी डावीकडे गेले. सराफांच्या दुकानात आता भिंतभर टीव्ही होता आणि त्यात मासे पोहत होते.

"सराफसाहेब, तुमच्या दगडात हा निघाला," घड्याळजींनी बरणी काउंटरवर ठेवली.

सराफांनी मान लांब केली. "अरे वा. म्हणजे हा होता तर. आमचे तर किती मासे गेले, काही हिशेबच नाही. नोकर म्हणायचा, मांजर येतं. मी म्हटलं, बंद दुकानात मांजर कुठलं? दगडातच काहीतरी आहे. म्हणून तर काढला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता. पण तुम्ही जाणकार माणूस. म्हटलं, घड्याळजी बघतील काय ते. चहा घेणार?"

घड्याळजींनी चहा घेतला. बशीत सांडू दिला नाही. टीव्हीतल्या माशांचं कौतुक केलं. उठताना म्हणाले, "तुमचा वेळ घेतला, माफ करा." सराफांनी मान किंचित हलवली.

लाँड्रीत वाफ भरलेली होती. मागच्या बाजूला, दिव्याखालच्या उंच टेबलाशी धाकटा एका पांढऱ्या कोटावर वाकलेला होता. डाव्या हाताने कापड ताणून धरलेलं, उजव्या हातात बारीक ब्रश. लाँड्रीच्या मालकीणबाई पुढच्या काउंटरवर होत्या.

"कपडे न्यायला आलात?" त्यांनी विचारलं.

"नाही. भावाला भेटायला."

"भेटा की. पण कोट संध्याकाळी द्यायचा आहे हं, त्यांना बोलण्यात गुंतवू नका." त्यांनी घड्याळजींकडे जरा बघून घेतलं. "तसे बोलतात छान. आम्हाला नव्हतं वाटलं."

घड्याळजींनी बरणी टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवली. "हे बघ."

धाकट्याने ब्रश बाजूला ठेवून बरणीत बघितलं. "मोठा आहे."

"सराफांच्या दगडातला. मासे हाच खात होता. जबडा बघ. भिंग देऊ?"

"नको, दिसतंय. म्हणूनच ते अर्धे असायचे."

"कोण?"

"मासे. मी सकाळी काढायचो ना. शेपटीकडचं तेवढं उरलेलं असायचं. झाडूवाल्याचं, निळ्याचं, नवरीचं. चहाच्या आधी तुझ्या दृष्टीस पडायला नको म्हणून गॅलरीतल्या कुंडीत पुरायचो."

"हात लावू नकोस म्हटल्यावरसुद्धा?"

"चमचा घ्यायचो."

"मग हे सांगायचं नाहीस?"

"सांगत होतो," धाकटा म्हणाला. त्याने कोट जरासा फिरवला आणि डागाची कड बोटाने चाचपली. "नवरा कसा आहे?"

"आहे. खात नाही. कोपऱ्यात उभा असतो."

"एकटा पडला. पाण्याचा जोर कमी कर त्या बाजूचा. आणि माझ्या हातून घ्यायचा तो, म्हणून असेल. होईल सवय."

"तूच ये की घालायला," घड्याळजी म्हणाले. मग त्यांना ते फार मऊ वाटलं असावं, म्हणून घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे आता खात्री झाली. तू घरी यायला हरकत नाही."

मालकीणबाईंनी काउंटरवरून वळून बघितलं. धाकटा हसला, अगदी नेहमीसारखा, थोडा एका बाजूला.

"मी इथे बरा आहे, दादा."

"इथे? या वाफेत? रागावलास?"

"नाही रे. रागावून काय करू? खोली चांगली आहे. खिडकी आहे." त्याने दोन्ही हात दिव्याखाली कोटावर पसरून ठेवले होते, पांढऱ्या चट्ट्यांसकट. "इथे हे लपवून बसावं लागत नाही."

घड्याळजी त्या हातांकडे बघत राहिले. एवढे दिवस रोज भिंगातून तपासलेले हात. काहीतरी म्हणायला हवं होतं आणि ते दोनच शब्दांचं होतं. पण ते म्हणाले, "वहिनी विचारेल."

"त्यांना सांग, मी रविवारी येईन भेटायला. खालूनच हाक मारीन."

"वर ये की."

"बघू." धाकट्याने ब्रश उचलला. "बरणी ने बरोबर. गिऱ्हाईक घाबरेल."

घड्याळजी घरी आले तेव्हा वहिनींनी ओट्यावर तिसरं ताट काढून ठेवलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या मागे जिन्याकडे बघितलं.

"आले नाहीत?"

"तिथे बरा आहे म्हणाला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"किडा दाखवला. सगळं समजावून सांगितलं. सराफांचा दगड, जबडा, सगळं."

"माफी?"

"अगं, किडा दाखवला म्हणजे आलंच ना त्यात ते."

वहिनींनी ताट उचलून फळीवर ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली धाकट्याची गादी ओढून त्यांनी तिची वळकटी केली, आत उशी आणि पांघरूण घालून दोरीने बांधली.

"हे काय?"

"तिथे ते फरशीवर झोपत असतील. महिनाभराचं समजून गादी ठेवून गेले होते." त्यांनी वळकटीचं एक टोक उचललं. "धरा तिकडून. एकटीला जिन्यात जमणार नाही."

घड्याळजींनी दुसरं टोक धरलं. दोघं जिना उतरली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडलं, बघितलं आणि या वेळी लावून घेतलं नाही. रस्त्याने वळकटी मध्ये धरून दोघं चालत राहिली. गादी जुनी होती, हलकी झाली होती. इतकी वर्षं कोणी तिच्यावर झोपत होतं असं वाटू नये, इतकी हलकी. लाँड्रीची पाटी दिसू लागली तशा वहिनी थांबल्या.

"इथून मी नेते."

"जड आहे, मी येतो की दारापर्यंत."

"जड नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातलं टोक सोडवून घेतलं, वळकटी खांद्यावर घेतली आणि रस्ता ओलांडला. लाँड्रीचं दार ढकललं, तेव्हा आतली वाफ थोडीशी बाहेर आली. मग दार लागलं.

घड्याळजी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभे होते. काचेतून काही दिसत नव्हतं, आणि आतून कोणी बोलावलं नाही.